आंब्याखालची पांढरी छत्री

प्रश्न : आमच्या परसातील आंब्याखाली, गवतात, मृगाच्या सरी झाल्यापासून वीतभर रुंद पांढऱ्या छत्र्या उगवत आहेत. टोपीवर तपकिरी खपल्या आणि देठावर कडे आहे. भाजीत टाकलेले चांदीचे नाणे काळे पडले नाही तर ती खुशाल खावी, असे शेजारी सांगतात. हे खरे आहे का? आणि झाडाला अपाय होईल का?
– एक वाचक, सिंधुदुर्ग जिल्हा

उत्तर : कृपया ही छत्री खाऊ नका. नाण्याची कसोटी निखालस चुकीची आहे. अमॅनिटा या छत्र्यांच्या एका वंशातील काही जातींमध्ये यकृत निकामी करणारे विष असते. त्याने चांदी काळी पडत नाही, ते शिजवून नष्ट होत नाही आणि त्याची लक्षणे बहुधा सहा तासांहून अधिक उशिराने दिसतात, तोवर जेवणावर कोणाचा संशयही जात नाही.

तुम्ही दिलेल्या खुणा क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस या विषारी जातीशी जुळतात. कोवळेपणी तिच्या टोपीखालच्या नाजूक पट्ट्या पांढऱ्याच असल्यामुळे भल्याभल्यांची फसगत होते. पूर्ण उमललेल्या छत्रीचा देठ कापा, पट्ट्यांची बाजू खाली ठेवून टोपी पांढऱ्या कागदावर ठेवा आणि वर भांडे झाका. सकाळी कागदावर बीजाणूंचा, म्हणजे छत्रीच्या बीजासारख्या सूक्ष्म कणांचा, हिरवट ठसा उमटला, तर ती हीच. आपल्याकडे आवडीने खाल्ल्या जाणाऱ्या वारुळाच्या अळंबीचा ठसा गुलाबीसर असतो, तिच्या टोपीच्या मध्यावर टोकदार उंचवटा असतो आणि मोठ्या जातींचा देठ मुळासारखा निमुळता होत जमिनीखालच्या वाळवीच्या घरापर्यंत पोहोचतो. म्हणून छत्री वरून खुडण्याऐवजी देठाभोवतीची माती उकरून ती अख्खी काढून पाहावी. अमॅनिटाच्या देठाखाली असणारी पिशवी मातीतच राहिली, तर ओळखीची मोठी खूण हातची जाते. तरीही या खुणा जुळल्या एवढ्यावरून भाजी करू नये. त्याच परिसरात वर्षानुवर्षे अळंबी काढणाऱ्या जाणत्या माणसाने प्रत्यक्ष हातात घेऊन खात्री द्यायला हवी. कोणी आधीच खाल्ली असेल, तर उलट्या होण्याची वाट न पाहता उरलेला तुकडा घेऊन रुग्णालय गाठावे.

आंब्याची काळजी नको. गवतातील ही छत्री कुजक्या पाल्यापाचोळ्यावर जगते. मात्र बुंध्यालाच चिकटलेली, लाकडासारखी कडक, अर्धगोल बुरशी दिसली, तर ती मुळे व खोड कुजवणारी गॅनोडर्मा असू शकते आणि मग झाड वादळाआधी तपासून घेणे आवश्यक ठरते.