विज्ञानकथेच्या मालिकेत सलग गोष्ट हवी की दर भागात वेगळी?

आठवा भाग फिलर, म्हणजे नुसता जागा भरणारा, नाही. उत्तर लांबणार आहे, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘स्टार ट्रेक: स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ या अंतराळ-मालिकेचा पहिला सीझन तुम्ही नुकताच संपवला आणि तो तुम्हाला मनापासून आवडला. पण तुमच्या मित्राचं म्हणणं, दहा भागांत गोष्ट पुढे सरकली कुठे? दर भागात नवा ग्रह, नवं संकट, आणि तासाभरात सगळं मिटलेलं. त्यातला आठवा, राजा-राणीच्या पोशाखांचा भाग तर सरळ वगळण्यासारखा. हल्लीच्या काळात चांगली विज्ञानकथा म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच सलग कथानक, असं तो म्हणतो. त्याचं बरोबर आहे का, असं तुम्ही विचारलंय.

मला ते पटत नाही. विज्ञानकथेत कल्पनेला फार महत्त्व असतं आणि प्रत्येक कल्पनेचा आपला एक जीव असतो. काही कल्पनांचा जीव तासाभराचाच असतो. त्या दहा भागांत ताणल्या की पातळ होतात. माणसांचं तसं नसतं. संकट त्या भागात मिटावं, पण ज्याच्यावर ते आलं त्याच्या मनातून ते मिटू नये. एवढं लेखकांनी सांभाळलं, तर सुट्या भागांची मालिकाही आतून सलगच असते.

आपल्याकडे ही रचना काही नवी नाही. लहानपणी ‘चांदोबा’ वाचलेल्या कुणालाही विचारा. विक्रम राजा झाडावरून प्रेत उतरवतो, खांद्यावर टाकतो, आणि वाटेत वेताळ गोष्ट सांगू लागतो. गोष्ट दर वेळी वेगळी, गाव वेगळं, माणसं वेगळी. शेवटी एक अवघड प्रश्न. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकलं होणार. बोलला तर मौन मोडून वेताळ पुन्हा झाडावर. मधला एखादा अंक हुकला तरी पुढचा वाचताना काही अडायचं नाही. तरीही त्या नुसत्या सुट्या गोष्टी नव्हत्या, कारण प्रेत वाहणारा खांदा तोच होता.

या मालिकेतल्या जहाजाचा प्रमुख, कॅप्टन पाईक, याच्याकडे बघताना मला हेच आठवतं. त्याला स्वतःचं भविष्य कळलेलं आहे. दहाएक वर्षांनी एका अपघातात आपण होरपळणार, उरलेलं आयुष्य खुर्चीत जाणार, हे त्याला पहिल्याच भागात प्रतिबिंबात दिसतं. जुन्या प्रेक्षकांना तर ते १९६६ पासून ठाऊक आहे, कारण मूळ ‘स्टार ट्रेक’ मालिकेत तो पाईक दाखवलेला होता. ते ओझं खांद्यावर घेऊन हा माणूस दर भागात नव्या ग्रहावर उतरतो, आणि संध्याकाळी आपल्या केबिनमध्ये स्वतःच्या हातानं रांधून सहकाऱ्यांना जेवायला बोलावतो. मित्राला ‘पुढे न सरकणारी’ वाटलेली गोष्ट ती हीच. दहाव्या भागात पाईक त्या भविष्यातून सुटायची वाट शोधतो, तेव्हा आधीच्या नऊ भागांतली सगळी जेवणं आपल्याला आठवतात.

सुटे भाग मुळात आले ते टीव्हीच्या धंद्यामुळे, हे मान्य करायला हवं. १९६६ साली एखादा भाग चुकला तर तो परत गाठायचा काही मार्ग प्रेक्षकाकडे नव्हता. पुढे अमेरिकेतली स्थानिक केंद्रं त्या मूळ मालिकेच्या ७९ भागांची पुनर्प्रक्षेपणं करू लागली, तेव्हा कुठलाही भाग कधीही लावता यावा हीच सोय होती. १९८७ची ‘नेक्स्ट जनरेशन’ ही पुढची स्टार ट्रेक तर थेट स्थानिक केंद्रांना विकलेली मालिका, वर्षाला साधारण २६ भाग. अशा व्यवस्थेत भाग संपताना सगळं जागच्या जागी येणं भाग होतं. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर मूळ ‘स्टार ट्रेक’ लागायचं, तेव्हा मीही असाच प्रेक्षक होतो. आमच्याकडे वीज जायची, अर्धा भाग जायचा. पुढच्या आठवड्यात मात्र कुणाला ‘मागे काय झालं’ असं विचारावं लागायचं नाही.

पण त्या चौकटीतही चांगल्या लेखकांनी वाट काढली. १९९० साली ‘नेक्स्ट जनरेशन’मध्ये कॅप्टन पिकार्डला बोर्ग नावाचे यंत्रमानवी शत्रू पकडून नेतात, अर्धं यंत्र करतात, त्याच्याच तोंडून त्याच्याच लोकांना धमकावतात. गोष्ट जूनमध्ये अर्धवट तुटली आणि सप्टेंबरमध्ये पुरी झाली. जहाज वाचलं, पृथ्वी वाचली. त्याच्या पुढच्या भागात पिकार्ड फ्रान्समधल्या आपल्या गावी जातो. भावाशी जुनी तेढ आहे. द्राक्षांच्या मळ्यात दोघे प्रौढ भाऊ चिखलात लोळून मारामारी करतात, हसतात, आणि हसता हसता पिकार्ड रडू लागतो. शत्रूंनी आपल्याला वापरलं आणि आपण त्यांना थांबवू शकलो नाही, हे तो तिथे, चिखलात बसून, पहिल्यांदा बोलतो. ना परग्रहवासी, ना लढाई. आजच्या व्याख्येनं तो फिलर ठरेल. माझ्या मते आधीच्या दोन भागांचं खरं वजन त्या एका भागामुळे कळतं. तो भाग लिहिणारा रोनाल्ड मूर पुढे ‘डीप स्पेस नाईन’ या स्टार ट्रेकच्याच मालिकेच्या लेखकांत होता, आणि २००४ ते २००९ चाललेली, अस्सल सलग कथानकाची नवी ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ त्याच्याच नेतृत्वाखाली झाली. म्हणजे ही दोन शत्रूराष्ट्रं नाहीत. एकाच लेखकाच्या हातात दोन्ही हत्यारं शोभली.

आता तुमच्या आठव्या भागाकडे येतो.

तिसरा भाग आठवा. जहाजावर एक साथ पसरते. लोक प्रकाशासाठी वेडेपिसे होतात. रोगजंतू ट्रान्सपोर्टरमध्येच, म्हणजे माणसांना क्षणात इकडून तिकडे पोचवणाऱ्या यंत्रातच, गाळले जायला हवे होते, ते आत आलेच कसे, याचा शोध पाईकची उपप्रमुख ऊना घेत जाते आणि जहाजाच्या डॉक्टर एम्बेंगापाशी येऊन थांबते. वैद्यकीय ट्रान्सपोर्टरची सुधारणा त्यानं मुद्दाम होऊ दिलेली नाही, कारण त्याच्या आत त्याची मुलगी आहे. त्या मुलीला, रुकियाला, असाध्य आजार आहे. ट्रान्सपोर्टरच्या पॅटर्न बफरमध्ये तिचं शरीर माहितीच्या रूपात थांबवून ठेवलं, की आजारही थांबतो. पण फार काळ तसं ठेवता येत नाही, म्हणून अधूनमधून तिला बाहेर आणायचं, थोडा वेळ पुस्तक वाचून दाखवायचं, आणि परत आत. साथीची गोष्ट त्याच भागात संपली. मुलगी मात्र यंत्रातच राहिली, आणि पुढच्या भागांत एम्बेंगा रुग्णांना तपासताना दिसला की आपल्याला ती आठवत राहिली.

माझी आई तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गावाहून आमच्याकडे आली होती. तिला इंग्रजी येत नाही, स्टार ट्रेक म्हणजे काय तेही ठाऊक नाही. मी तिसरा भाग बघत होतो, ती शेजारी बसून वाती वळत होती, मी मधूनमधून मराठीत सांगत होतो. मग ती गावी गेली. दोन महिन्यांनी दुसऱ्या डोळ्यासाठी परत आली तेव्हा माझा आठवा भाग चालू होता. मधले चार भाग तिनं पाहिलेले नाहीत. पडद्यावर सगळे राजवाड्याचे कपडे घालून वावरत होते, एम्बेंगा राजा झाला होता. आईनं जरा वेळ पाहिलं आणि म्हणाली, “अरे, हे ते पुस्तकच की. पोरीला वाचून दाखवत होता ते. पोरगी कुठंय?”

हाच तो प्रश्न, ज्यावर तो भाग उभा आहे. तेजोमेघातल्या एका एकाकी जाणिवेला रुकियाचं मन सापडलंय, आणि रुकियासाठी त्या जाणिवेनं अख्ख्या जहाजाला त्या गोष्टीतली पात्रं करून टाकलंय. त्या मेघात रुकिया बरी होते, बाहेर आली की आजारी. बापापुढे निवड अशी, की तिला परत यंत्रात ठेवून औषधाची वाट बघत बसायचं, की आपल्यापासून कायमचं दूर, पण जगायला, जाऊ द्यायचं. तो तिला विचारतो आणि जाऊ देतो. क्षणभरानं ती पुरती मोठी बाई होऊन समोर उभी राहते, कारण तिकडे तिचं अख्खं आयुष्य सरलेलं असतं, आणि ते चांगलं गेलं हे बापाला सांगायला ती आलेली असते.

आई वाती वळायची थांबली होती. “नांदायला पाठवली म्हणायची,” एवढंच बोलली.

त्यानंतरचं बघा. जहाजावरच्या बाकी लोकांना त्या काही तासांतलं काहीही आठवत नाही. सगळं जागच्या जागी आलंय, अगदी जुन्या मालिकांसारखं. एका माणसाचं तेवढं आलेलं नाही. लेखकांनी सुट्या भागांची जुनी खूण मुद्दाम वापरली, आणि तिच्या मधोमध एका बापाला सगळं आठवत ठेवून सोडलं. मला ही मांडणी फार मोठी वाटते. एम्बेंगाची गोष्ट सलग दहा भागांत सांगितली असती तर प्रत्येक भागाच्या शेवटी ‘मुलगी वाचणार का’ हाच धागा ताणला गेला असता. इथे ती मुख्यतः दोन भागांत सांगितली गेली, आणि मधल्या काळात, आजारी माणूस घरात असलेल्या कुठल्याही घरासारखं, जहाजाचं रोजचं काम चालू राहिलं.

उलट उदाहरणही देतो, त्याच घराण्यातलं. ‘डिस्कव्हरी’ ही २०१७ ते २०२४ या काळातली मालिका, पाच सीझन, ६५ भाग, बहुतांश सलग. तिच्या चौथ्या सीझनमध्ये ग्रह गिळत जाणारं एक प्रचंड संकट येतं आणि ते कुणी पाठवलं हे रहस्य तेरा भाग पुरवलेलं आहे. शेवटी भेटतात ते १०-सी नावाचे जीव. आपल्याशी काडीचंही साम्य नसलेले, भावना वाहून नेणाऱ्या रसायनांनी आणि प्रकाशाच्या आकृत्यांनी बोलणारे. त्यांची भाषा उकलायचे प्रसंग मला फारच आवडले. विज्ञानकथेनं जे करावं ते तिथे होतं. पण त्या भाषेपर्यंत पोचायला अकरा-बारा भाग लागतात, आणि तिच्या वाट्याला येतो तो जेमतेम शेवटचा तुकडा. सगळ्यात चांगली कल्पना दाराबाहेर ताटकळत उभी राहिली, याचं मला आजही वाईट वाटतं.

मग सलग कथानक विज्ञानकथेला चालतच नाही का? उत्तम चालतं, जेव्हा कल्पना म्हणजे एक अख्खं जगच असतं. ‘द एक्सपान्स’ घ्या, सहा सीझन, ६२ भाग, मुळात कादंबऱ्यांवरून. तिथे पृथ्वी, मंगळ आणि लघुग्रहांच्या पट्ट्यातले कामगार यांच्यात पाण्यावरून, हवेवरून, मजुरीवरून ताण आहे. बर्फ वाहून नेणारं एक जहाज उडवलं जातं आणि त्याचे परिणाम जगभर पसरत जातात. इथे एका भागात काही मिटवणं म्हणजे खोटेपणा झाला असता. अंतरं कापायला वेळ लागतो, बातमी पोचायला वेळ लागतो, राग मुरायला त्याहून जास्त. अशी कल्पना सलगच सांगावी लागते.

तुमच्या मित्राचा एक मुद्दा मात्र मला मान्य करावा लागतो, त्यानं तो वेगळ्या शब्दांत मांडला असला तरी. सुटे भाग २६ असतात तेव्हाची गोष्ट वेगळी, दहाच असतात तेव्हाची वेगळी. हेमरचंच बघा. यंत्रविभागाचा तो अंध, कडक, मनानं मऊ माणूस नवव्या भागात जातो. शरीरात गॉर्न या हिंस्र परग्रहवाशांची अंडी वाढतायत हे कळल्यावर तो स्वतःहून बर्फाच्या कड्यावरून उडी घेतो. प्रसंग उत्तम लिहिलेला आहे, जहाजावरच्या तरुण उहुराचं त्याच्याशी असलेलं नातंही खरं वाटतं. पण आपण त्याला ओळखायला लागलो होतो इतकंच. जुन्या हिशेबानं त्याच्या वाट्याला दोनेक डझन भाग आले असते, एखादा पूर्ण त्याचा असता. दहा भागांत प्रत्येक भाग वेगळ्या रंगाचा करायचा हट्ट धरला की कुणाच्या तरी वाट्याचं आयुष्य कमी पडतं. यावरचा उपाय सलग कथानक हा नाही. भाग वाढवायला हवेत. ते खर्चापायी होत नाही, आणि त्यात नुकसान आपलं, प्रेक्षकांचं आहे.

मित्राला सगळा सीझन परत बघायला लावू नका. तिसरा आणि आठवा, हे दोनच भाग एका संध्याकाळी लागोपाठ दाखवा. आणि तुम्ही स्वतः दुसरा सीझन सुरू केलात की दुसऱ्या भागाला निवांत वेळ ठेवा. तो ऊनाच्या खटल्याचा आहे. पहिल्या सीझनच्या अखेरीस तिला अटक का झाली, याचं मूळ त्या साथीच्याच भागात, तिच्या कबुलीत आहे. बसण्याआधी तिचा पाईकसमोरचा तो प्रसंग एकदा परत पाहून घ्या.