जिप्सीसाठी कोणती हत्यारं घेऊ, आणि जुने बोल्ट काढून सगळीकडे 12.9 चे लावू का?

12.9 म्हणजे बोल्टच्या डोक्यावर कोरलेला मजबुतीचा आकडा. ते बोल्ट सगळीकडे लावू नका. कारण खाली सांगतो. पण तुमच्या प्रश्नातलं मला खटकलं ते वेगळंच. तुम्ही सहज लिहून गेलाय की मागच्या चाकाचे दोन नट नाहीत आणि गॅरेजवाला म्हणतोय, "जुन्या जीपचे बसतात, लावून देतो." बसतात, हे खरं आहे. म्हणूनच एवढं लांबलचक लिहायला बसलोय.

मी बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, लेथवर काम करतो. हायड्रॉलिकच्या पार्टना आटे पाडणं हे माझं रोजचं काम. माझ्याकडेही जिप्सीच आहे, 1.3 लिटरची किंग. आणि माझ्या दाजींचं गॅरेज आहे, जुन्या जीपांसाठी आमच्या भागात नावाजलेलं. एकदा पावसाळ्याच्या तोंडावर गाडी त्यांच्याकडे ब्रेकच्या कामाला सोडली. परत घेतली आणि त्याच आठवड्यात जांबोटीवरून कणकुंबीकडे निघालो. चोर्ल्याच्या अलीकडे मागून ठक ठक आवाज यायला लागला, आणि थोड्या वेळानं गाडीची शेपटी डुलायला लागली. उतरून बघतोय तर डाव्या मागच्या चाकाच्या पाचपैकी दोन नटांचा पत्ता नाही, तिसरा बोटानं फिरतोय. बरोबर बहीण आणि भाचरं होती. ती दाजींचीच पोरं.

उरलेल्या चाकांचा एकेक नट काढून या चाकाला लावला, हळूहळू खाली आणली आणि दुसऱ्या दिवशी तो सैल नट कारखान्यात नेऊन मोजला. नट चार सुती निघाला, म्हणजे अर्ध्या इंचाचा, इंचाला वीस आटे. जुन्या जीपचा. जिप्सी सुझुकीची, तिचा स्टड, म्हणजे चाकाचा नट ज्यावर चढतो तो आट्याचा दांडा, 12 मिलिमीटरचा आणि पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, 1.25 मिलिमीटर. आता गंमत अशी नाही, घात असा आहे: इंचाला वीस आटे म्हणजे पिच 1.27. फरक एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाचा. त्यामुळे नट अडकत नाही, शेवटपर्यंत लोण्यासारखा जातो. पण अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर, स्टड 12 चा. आटे एकमेकांत निम्मेसुद्धा शिरत नाहीत, नुसते टोकाला टोक धरून राहतात. वर पानाही तोच बसतो, कारण जीपच्या नटाचं डोकं पाऊण इंचाचं, म्हणजे 19.05, आणि जिप्सीचं 19. हाताला काहीच वेगळं कळत नाही. घट्ट केल्यासारखं वाटतं, आणि दगडधोंड्यातून चार धक्के बसले की आटे सोलून निघतात.

हे सगळं मी दाजींना व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं हत्यार, लावून दाखवलं. ते म्हणाले, "तू मशीनवरचा माणूस. गाडीतलं तुला काय कळतंय? आम्ही जन्मभर हेच नट लावतोय की, एक चाक सुटलं नाही." मी म्हणालो, "दाजी, तुम्ही जीपला लावलेत. तिथं ते बरोबरच आहेत." त्यावर ते उठून गेले. तेव्हापासून घरात कुठलंही कार्य निघालं की हा विषय निघतो, आणि पाव्हण्यांसमोर मी पुस्तकी ठरतो. माझं म्हणणं एवढंच आहे की आट्याला अनुभव कळत नाही. व्हर्नियर लावून नटाचा आतला व्यास मोजा. ते ज्या गॅरेजात नाही तिथं नट बदलून घेऊ नये, मग ते गॅरेज कुणाचं का असेना. व्हर्नियर नसेल तर नट अर्धा चढवा आणि हलवून बघा. बरोबर नट जेमतेम हलतो, चुकीचा खुळखुळतो. आणि असा नट ज्या स्टडवर एकदा आवळला गेला तो स्टडही बदला, नुसता नट बदलून भागत नाही.

आता ग्रेड, म्हणजे तोच डोक्यावरचा आकडा. डोक्यावर 8.8 असेल तर पहिला आकडा म्हणजे 800 मेगापास्कलला बोल्ट तुटतो, आणि त्याच्या 80 टक्क्यांवर, 640 ला, तो कायमचा ताणला जातो. 10.9 ला हेच 1000 आणि 900, 12.9 ला 1200 आणि 1080. जिथं कंपनीनं 8.8 दिलाय तिथं 12.9 घालून गाडी मजबूत होत नाही. बोल्ट पकडतो तो त्याला दिलेल्या ताणावर, आणि तुम्ही आवळणार तेवढंच. उलट एवढा कडक बोल्ट झिंक प्लेटिंग केलेला असला तर हायड्रोजन शिरून तो ठिसूळ होऊ शकतो आणि एक दिवस सूचना न देता डोकं उडू शकतं. आपल्या पश्चिमेच्या पावसात चिखलाखाली असलेल्या बोल्टला तर नकोच. जो आकडा निघाला तोच घाला. फार तर 8.8 च्या जागी 10.9, नटही मग 10 चा.

स्टेनलेसचा मोह अनेकांना होतो, गंजत नाही म्हणून. बाजारात मिळणारा ए2-70 सातशेला तुटतो आणि साडेचारशेला ताणतो, म्हणजे 8.8 पेक्षा कमजोर. नंबरप्लेटला लावा, पाट्याला, म्हणजे चाकावरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगला, नको. शॅकलला, म्हणजे पाट्याचं टोक गाडीला जोडणाऱ्या झुलत्या कडीला, पूर्ण आटे असलेला बोल्टही नको. तिथं गुळगुळीत दांडी लागते, नाहीतर आटे भोक खाऊन लांबट करतात. पाटा एक्सलला बांधणारे यू बोल्ट एकदा उघडले की नवेच, आणि रानात एक फेरी झाली की परत आवळायचे. डोक्यावर काहीच कोरलेलं नसेल असा बोल्ट हार्डवेअरवाल्यानं फुकट दिला तरी घेऊ नका. उद्यमबागेत फास्टनरची दुकानं आहेत, तिथं टीव्हीएस किंवा अनब्राको मागा आणि जुना बोल्ट बरोबर न्या.

हत्यारांत फार बोलण्यासारखं नाही. टपारियाचे रिंग पाने आणि सहा कोनी सॉकेट घ्या, बारा कोनी गंजलेल्या नटाचे कोपरे खातात. सॉकेट फिरवायला लांब टॉमी, ब्रेकच्या पाइपसाठी फ्लेअर नट पाना, ठरलेल्या जोरानं आवळायचा टॉर्क रेंच, गाडी टेकवायला दोन चांगले स्टँड. टॉर्क रेंचनं नट सोडू नये. किती आवळायचं ते गाडीच्या पुस्तकात बघा, माझ्या हाताला विचारू नका.

काकांच्या जुन्या जीपला हाच संच चालेल का, हेही विचारलंय. पूर्ण चालणार नाही. 19 चा चालतो, ते वर आलंच. पण तीन सुती बोल्टचं डोकं 14.3 भरतं, त्यावर 14 चा पाना जात नाही आणि 15 चा सरकतो. इंची पाने वेगळे घ्या. आणि एक महत्त्वाचं: काही जुन्या जीपांना डाव्या बाजूच्या चाकांचे स्टड उलट्या आट्याचे असतात. टॉमीला पाइप घालून जोर लावायच्या आधी स्टडच्या टोकावर इंग्रजी 'एल' कोरलेलं आहे का बघा. असेल तर एरवी नट ज्या दिशेनं घट्ट करतो त्या दिशेनं फिरवला की तो सुटतो.