१९४८ साली कोस्टा रिकात असं काय घडलं, की देशाने सैन्यच मोडीत काढलं?

ठिणगी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची. ८ फेब्रुवारीला विरोधी उमेदवार ओतिलिओ उलाते जिंकले, पण १ मार्चला संसदेने निकालच रद्द केला. १२ मार्चला सरकारविरोधी नेते होसे फिगेरेस यांनी बंड पुकारलं आणि ४४ दिवसांच्या यादवीत सरकार कोसळलं. ८ मेपासून त्यांचं हंगामी मंडळ कारभार पाहू लागलं. १ डिसेंबरला फिगेरेस यांनी राजधानी सान होसेतल्या बेयाविस्ता छावणीच्या भिंतीवर घण घातला, सैन्य बरखास्त केलं आणि इमारत संग्रहालयासाठी देऊन टाकली. गोळ्यांच्या खुणा तिथे आजही दिसतात. यामागे निव्वळ शांततेचं प्रेम होतं असं मात्र नाही. जुनं सैन्य हरलेल्या सरकारचं होतं, ते मोडणं सोयीचंही होतं. त्याच महिन्यात शेजारच्या निकाराग्वातून हल्ला झाला, तरी निर्णय फिरला नाही. १९४९ च्या संविधानात तो कलम १२ म्हणून आला. उलातेंना सत्ता मिळाली ती ८ नोव्हेंबर १९४९ ला.