पुस्तक थांबेल, पॉलिसी थांबणार नाही

बार्शीच्या एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांना शिकवतानाचे अनुभव त्यांनी लिहून काढलेत, साधारण २०० पानं होतील. पुण्यातला एक प्रकाशक म्हणतो, वाचून कळवायला सहा-आठ महिने लागतील, आवडलं तर ५०० प्रती काढू, मानधन १० टक्के. दुसरीकडे एक स्वयंप्रकाशन कंपनी १ लाख ८५ हजारांत हजार प्रती छापून द्यायला एका पायावर तयार आहे. फायद्याचं कोणतं, असा प्रश्न. आणि पुढे सहज एक वाक्य: ‘हजार प्रती, किंमत ३०० रुपये, म्हणजे ३ लाख. त्यातून पॉलिसीचा पुढचा हप्ता निघेल.’

बाई, ही कुठली पॉलिसी?

पत्राच्या शेवटी सापडली. दोन महिन्यांपूर्वी निवृत्तीचे ३५ लाख बचत खात्यात जमा झाले आणि आठवड्याभरात बँकेतला मुलगा घरी हजर. ‘एफडीपेक्षा जास्त, आणि गॅरंटीड.’ ३ लाखांचा चेक गेला. विमा कंपनीचा पडताळणीचा फोन आला तेव्हा हा शेजारीच बसून ‘सगळ्याला हो म्हणा मॅडम’ सांगत होता. हप्ता दरवर्षी ३ लाख, दहा वर्षं. पंधरा वर्षांनी मिळणार ४५ लाख. हे आकडे तुम्ही त्याने दिलेल्या रंगीत कागदावरून लिहिलेत, कारण पॉलिसीचं पाकीट १२ तारखेला आलं ते न फोडताच कपाटात गेलं.

३० लाखांचे ४५ लाख ऐकायला दीडपट वाटतात. पण हप्ता भरल्यापासून पैसे हाती येईपर्यंत प्रत्येक रुपया सरासरी साडेदहा वर्षं अडकतो. हिशेब केला तर वर्षाला ४ टक्क्यांच्या आसपास पडतात. याला एफडीपेक्षा जास्त म्हणायला धाडस लागतं. शिवाय तुमचं पेन्शन ३८ हजार आणि हप्ता महिन्याला २५ हजार. उरलेल्या १३ हजारांत घर चालवायचं? की दरवर्षी निवृत्तीच्या पैशातून ३ लाख काढून त्याच कंपनीला द्यायचे? त्या मुलाने हा हिशेब केला नसेल असं मला वाटत नाही. केला असेल आणि गप्प बसला असेल.

सुटका अजून आहे. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, याला ‘फ्री लूक’ म्हणतात. विमा संरक्षणाचे तेवढ्या दिवसांचे पैसे, मुद्रांक शुल्क आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च कापून बाकी रक्कम परत मिळते. पॉलिसी आधी मेलवर आली असेल तर कंपनी तीच तारीख धरेल, म्हणून ११ तारखेपर्यंत वाट बघू नका. (उत्तर छापून येईपर्यंत मुदत जायची, म्हणून एवढा भाग तुम्हाला आधीच मेलने कळवला आहे.) अर्ज विमा कंपनीच्या शाखेत द्या, बँकेत नाही. सहीशिक्क्याची पोच घ्या, तोच अर्ज मेलवरही पाठवा. बँकेतला साहेब ‘एक वर्ष थांबा, मग बघू’ म्हणेल. थांबायचं नाही. एकच हप्ता भरून पॉलिसी सोडणाऱ्याच्या हाती फार थोडं पडतं. कंपनीने टाळाटाळ केली तर विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार करा, त्यानंतर विमा लोकपाल आहेच.

उरलेले ३२ लाख अजून बचत खात्यात पडून आहेत. म्हणूनच तो मुलगा पुन्हा येणार. तुम्ही ५८ वर्षांच्या. निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत गुंतवले तर साठीच्या आधीही ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत खातं उघडता येतं. म्हणजे तुमच्याकडे महिनाच उरलाय. शाळेकडून निवृत्तीचा आणि मिळालेल्या रकमेचा दाखला घ्या आणि पोस्ट गाठा. मर्यादा ३० लाख, व्याज सध्या ८.२ टक्के, दर तिमाहीला ६१,५०० रुपये. व्याजावर कर लागतो, तरीही ४ टक्क्यांशी याची तुलना करायचं कारण नाही. राहिलेले २ लाख आणि विम्याचे परत येणारे पैसे साध्या एफडीत, अडीअडचणीला.

आता पुस्तक. हजार प्रती गुणिले ३०० हा हिशेब कुठल्याच प्रकाशकाला जमलेला नाही. दुकानदार आणि वितरक मिळून ४० ते ५० टक्के घेतात. प्रतीमागे तुमच्या हाती १६५ रुपये धरा. हजारच्या हजार खपल्या तरी १ लाख ६५ हजार येतात आणि खर्च १ लाख ८५ हजार. सगळी आवृत्ती संपवून वीस हजारांचा तोटा! नव्या लेखकाच्या दोन-अडीचशे प्रती वर्षात गेल्या तरी बरं म्हणायचं. बाकी गठ्ठे तुमच्या माडीवर. स्वयंप्रकाशन कंपनीच्या दरपत्रकात ‘आयएसबीएन नोंदणी ४,५०० रुपये’ असं लिहिलंय. पुस्तकाच्या ओळखीचा हा क्रमांक सरकारकडून फुकट मिळतो. कॉपीराइट नोंदणीचे ६ हजार लावलेत. लिहिलेल्या मजकुरावर हक्क तुमचाच असतो, नोंदणी सक्तीची नाही. ‘पुरस्कारासाठी शिफारस’ या रकान्यावर मी काही बोलत नाही.

प्रकाशकाकडून तरी काय मिळेल? प्रतीमागे ३० रुपये. सगळ्या ५०० प्रती गेल्या तर १५ हजार, तेही वर्षाचा हिशेब झाल्यावर. पण तुमच्या खिशातून काही जात नाही आणि पुस्तक वाचनालयांपर्यंत पोचायची शक्यता जास्त. म्हणून हस्तलिखित आधी त्यांच्याकडे आणि आणखी एक-दोघांकडे पाठवा. सोबत महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची जाहिरात कधी निघते याकडे लक्ष ठेवा, ती पहिल्याच पुस्तकासाठी असते.

कुणीच घेतलं नाही तर स्वतः काढा, पण पॅकेज नको. सोलापुरातल्या दोन-तीन छापखान्यांचे दर मागवा. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ आणि ३०० प्रती हे सगळं साधारण ६० हजारांत बसावं. म्हणजे बचत योजनेचं एका तिमाहीचं व्याज. माजी विद्यार्थ्यांना आणि शिक्षक मंडळींना हातोहात विकलेल्या प्रतीवर कमिशन जात नाही. तशा दोनशे गेल्या की खर्च निघाला. प्रकाशकाने होकार दिलाच, तर करारात प्रतींची संख्या, हिशेबाची तारीख आणि हक्क तुमच्याकडे राहतील हे लिहून घ्या. ‘थोडा खर्च तुम्ही उचला’ असं तोही म्हणाला तर छापखान्याच्या दरांचा कागद समोर ठेवून बोला.