धावून थांबल्यावर खोकला येतोय?

अरे, घाबरू नकोस. जोरात धावताना आपण तोंडाने श्वास घेतो. कोरडी, गार हवा थेट आत जाते, श्वासनलिकेचं अस्तर सुकतं, तिथे दाह होतो आणि नळ्या आवळतात. म्हणून खरा त्रास थांबल्यावर ५ ते १० मिनिटांनी, बुटांच्या नाड्या सोडताना सुरू होतो. ‘स्टॅमिना कमी पडतोय’ समजून आणखी जोर लावणं, ही नवख्यांची नेहमीची चूक. मीही दोन वर्षं तेच केलं.

सध्या एवढंच कर:
- आधी १५ मिनिटं वॉर्मअप, मधेमधे थोडं वेगात पळ. हे कधीच टाळू नकोस.
- थंडीत पहाटे नाकातोंडावर रुमाल बांध.
- कचरा जाळल्याचा धूर असेल, तर त्या दिवशी धावणं नको.

छातीत शिट्टीसारखा आवाज आला तर डॉक्टरांना दाखव, स्पायरोमेट्री (नळीत जोरात फुंकून फुफ्फुसं तपासायची चाचणी) करून घे. मित्राचा दम्याचा पंप (इनहेलर) मात्र ओढू नकोस.