अंगावर कोड उठायला हार्मोन्स कारणीभूत असतात का?

थेट नाही. कोडात आपलीच रोगप्रतिकारशक्ती रंग बनवणाऱ्या मेलॅनोसाइट पेशींवर उलटते. पण थायरॉइडचा संबंध पक्का आहे. कोड असलेल्यांमध्ये थायरॉइडचे ऑटोइम्यून (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचे) विकार इतरांपेक्षा जास्त आढळतात, कारण दोन्हीकडे बिघाड त्याच जातीचा. म्हणून डॉक्टर टीएसएच आणि अँटी-टीपीओ या थायरॉइडच्या रक्तचाचण्या करायला सांगतात, ते उगाच नाही. मात्र थायरॉइडची गोळी सुरू केली की डाग भरतील, ही आशा बहुधा फोल ठरते.

त्वचेचा रंग थेट हलवणारं हार्मोन म्हणजे एमएसएच; ते मेलॅनोसाइटला मेलॅनिन, म्हणजे त्वचेचं रंगद्रव्य, बनवायला लावतं. असे संदेश देणारी मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी मंदावली तर त्वचा फिकट पडते, पण सगळीकडे सारखी. कोडाचे डाग तसे नसतात: दुधासारखे पांढरे, कडा ठसठशीत, कधी त्यातले केसही पांढरे.

रंग परततो तोही बहुतेकदा केसांच्या मुळांपाशी, बारीक तपकिरी ठिपक्यांनी. त्यासाठी टॅक्रोलिमस मलम, नॅरोबँड यूव्हीबी (अतिनील किरणांचा प्रकाशोपचार) असे उपचार आहेत. ‘हार्मोन बॅलन्स’ करणाऱ्या चूर्णांवर मी तरी पैसे घालवणार नाही.