पीडीए बंद करायला बाळाची छाती उघडावीच लागते का?

बहुतेक वेळा नाही. पीडीए म्हणजे महाधमनी आणि फुप्फुसाची धमनी यांना जोडणारी नळी. गर्भात ती हवीच असते. जन्मानंतर दोन-तीन दिवसांत मिटायला हवी. मोठी असून उघडी राहिली तर फुप्फुसांकडे जास्तीचं रक्त जातं, बाळ दूध पिताना धापा टाकतं, वजन वाढत नाही.

छाती न उघडता करायच्या कॅथेटरच्या पद्धतीत जांघेतल्या रक्तवाहिनीतून कॅथेटर म्हणजे बारीक नळी आत नेतात, अँजिओग्राफीत पीडीएचं माप घेतात आणि तिथे कॉइल किंवा निटिनॉल या लवचीक मिश्रधातूच्या तारेचं डिव्हाइस बसवतात. डिव्हाइस नीट बसलं नाही, तर सोडण्याआधी मागे ओढता येतं. माझ्या मते हीच यातली मोठी सोय. काही महिन्यांत त्यावर शरीराचंच अस्तर चढतं, म्हणून ते पुढे काढायचं नसतं.

‘वजन कमी आहे, थांबा’ हे आता सरसकट खरं नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत ७०० ग्रॅमपासूनच्या बाळांसाठी एका डिव्हाइसला मान्यता मिळाली. मात्र फुप्फुसाचा दाब कायमचा वाढलेला असेल तर पीडीए बंद करणं उलट घातक, तेव्हा निर्णय बालहृदयरोगतज्ज्ञांनीच घ्यायचा.

आणि हो, डिव्हाइस बसवल्यानंतर पहिले ६ महिने दातांचं काही काम निघालं तर आधी डॉक्टरांना सांगा. अँटिबायोटिक लागू शकतं.